घडाच्या टोकाचा थेंब

मामा, तुमच्या दहाव्याला मी उशिरा पोहोचले. कुपवाडहून वेळेत निघाले होते, पण कडेगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि तिच्यामागे गाडी रांगतच आली. तुम्ही असतात तर घड्याळाकडे बघून ‘मगदूम, लेट’ एवढंच म्हणाला असतात आणि मी कारण सांगायला तोंड उघडायच्या आत पाठ फिरवली असतीत. फौजेच्या वर्कशॉपमधून तुम्ही आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आलात, पण हजेरी शेवटपर्यंत आडनावानंच घेतलीत. मुलगा असो, मुलगी असो, नाहीतर प्राचार्यांचा भाचा असो. आम्ही मात्र तुम्हाला पहिल्या आठवड्यातच निकममामा करून टाकलं होतं आणि ते तुम्ही मुकाट्यानं चालवून घेतलंत.

विधी ओढ्याकाठी होते. आमच्या घरच्या रिती वेगळ्या, त्यामुळे कुठे उभं राहायचं, हात कधी जोडायचे, काही कळेना. मी आपली चपला काढून मागे उभी राहिले. नंतर घरी मामींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. तुमची ती काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली, त्यांनी उघडली आणि खाकी कापडात बांधलेलं एक गाठोडं माझ्या हातात दिलं.

‘मगदूमला द्याचं म्हनून ठिवलंतं त्येंनी,’ मामी म्हणाल्या.

हाताला लागल्याबरोबर आत काय आहे ते मला कळलं. आपला तो निळा मग. मी तो तिथे उघडला नाही. मामींना वाटलं असेल पोरगी रडायला लागेल म्हणून उघडत नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

मामा, मला तुमच्याशी एक भांडण पुरं करायचंय आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. भांडण आधी करते. त्यात माझा हात बसलेला आहे, असं तुम्हीच सगळ्या वर्कशॉपला सांगत होता.

पहिलं भांडण आठवतंय? लोखंडाचा चौकोनी तुकडा कानशीनं घासून काटकोनात आणायचा होता. मी तीन आठवडे घासत होते. दर वेळी तुम्ही त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावायचात, तो खिडकीच्या उजेडापुढे धरायचात, मधली फट बघायचात आणि ‘उजेड दिसतुया’ म्हणून परत द्यायचात. चौथ्यांदा मी म्हटलं, ‘एवढासा उजेड चालतो, मामा. पुस्तकात तेवढी सूट दिलेली आहे.’ तुम्ही तुकडा माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, ‘पुस्तकाला दे मग.’ मी चिडून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन घासायला लागले. वेणी आत खोचून, ओढणी कपाटात ठेवून. शेवटी एकदा उजेड दिसला नाही. तुम्ही शाबासकी दिली नाहीत, नुसता दुसरा तुकडा दिलात.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाची डिझाइन स्पर्धा आली. लोकांच्या रोजच्या उपयोगाची एखादी वस्तू बनवून आणा, अशी अट. आमचा चौघांचा गट होता, त्यातले दोघे फक्त रिपोर्टावर सही करण्यापुरते. खरे आम्ही दोघंच, मी आणि पलूसचा ओंकार. कल्पना ओंकारची. त्यांच्या द्राक्षबागेत डिसेंबरात डिपिंग चालतं. मणी फुगावेत म्हणून प्रत्येक घड औषधाच्या पाण्यात बुडवायचा. बायका मांडवाखाली मग घेऊन फिरतात, हात डोक्याच्या वर धरतात, घड मगात बुडवतात आणि पुढे जातात. औषध मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून बगलेत. थंडीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओल्या, चिकट बाह्या. ओंकार म्हणाला, ‘हात कोरडा ठेवणारा मग करू.’

तुम्ही त्याला विचारलंत, ‘तुजा हात भिजलाय का कवा?’

‘न्हाई, मामा. आमच्यात बायकाच करत्यात.’

‘मग तुला कसं ठावं, कुटं भिजतंय ते?’

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून बियाण्यासाठी राखून ठेवलेली ज्वारीची कणसं घेऊन आलात. सप्टेंबरात द्राक्षं कुठून आणायची? वर्कशॉपच्या छताच्या अँगलला दोऱ्या बांधून कणसं टांगलीत आणि आम्हाला पाण्याचे मग देऊन तासभर बुडवायला लावलंत. शेजारच्या लॅबमधली पोरं दारात उभी राहून हसत होती. तासाभरानं माझा खांदा भरून आला, बाही पिळून काढली आणि पाणी नेमकं कुठून उतरतं ते मला चांगलं कळलं.

आमचा मग झाला तो असा. बाजारातून आणलेला निळा आंघोळीचा मग, त्याच्या आत एक लहान मग आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर पन्हाळी. उतू जाणारं औषध पन्हाळीत पडणार, हातावर नाही. तोंडावर मऊ स्पंजची चकती, तिला फुलीसारखी चीर. घड चिरेतून आत जायचा आणि बाहेर येताना स्पंज त्याचं सगळं पाणी टिपून घ्यायचा. रिपोर्टात मी त्याला भलंमोठं नाव दिलं होतं. तुम्ही त्याला ‘मगात मग’ म्हणायचात. स्पंज बसवायची खोबण मी लेथवर स्वतः काढली होती, त्या दिवशी तुम्ही तिच्यावरून बोट फिरवून मान हलवलीत. ती मान मी अजून जपून ठेवली आहे.

पलूसला चाचणीला जाण्याआधी तुम्ही आम्हाला समोर उभं केलंत आणि तुमचा नियम सांगितलात. वस्तू जिनं वापरायची तिच्या हातात द्यायची आणि आपण तोंडाला कुलूप लावायचं. समजावायचं नाही, सुचवायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. ओंकारनं विचारलं, असं का? तेव्हा तुम्ही बर्फातल्या चौकीची गोष्ट सांगितलीत. तुमच्या वर्कशॉपमधून जवानांसाठी रॉकेलच्या शेगड्या दुरुस्त होऊन वर जायच्या. ‘तितं समजावून सांगाय कोन जातंय? हातमोजं घालून चावी फिरली तर फिरली. न्हाई फिरली तर ती शेगडी न्हवं, वझं हाय.’

नियम सोपा होता. मी तो अर्ध्या तासात मोडला.

डिपिंगच्या बायकांच्या टोळीची मुकादम शालनआक्का. पन्नाशीच्या आसपासची, उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई. त्यांनी मग हातात घेतला, उलटा केला, आत बघितलं आणि ‘हलका हाय’ म्हणून कामाला लागल्या. पहिली ओळ झकास गेली. आक्कांचा हात मनगटापर्यंत कोरडा. मी ओंकारकडे बघून भुवया उडवत होते. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आक्का थांबल्या. घडाकडे बघितलं, पलीकडच्या बाईला म्हणाल्या, ‘ह्यो तू बुडीवला का गं?’

‘म्या न्हाई. तुमीच की.’

‘मला कळंना झालंय.’

एका ओळीत दोन बायका दोन बाजूंनी काम करतात. कुठला घड झाला आणि कुठला राहिला, हे त्या घडाच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबावरून ओळखायच्या. टपकतोय तो झाला. आमच्या स्पंजानं तो थेंबच पिऊन टाकला होता. घड मगात जाऊन आला तरी जवळजवळ कोरडा. काही घड दोनदा बुडले, काही राहून गेले. दोनदा बुडलेला बिघडतो, राहिलेला बारीक मण्यांचा निघतो, आणि दोन्ही वेळा बागायतदाराची बोलणी टोळीला खावी लागतात. आम्ही तीन महिने कणसं बुडवली होती, पण एकेकट्यानं. ओळीत पलीकडे दुसरी बाई असते हे ओंकार जन्मापासून बघत होता, तरी दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आणि मी काय केलं? मी समजावायला लागले. ‘आक्का, तुम्ही उजवीकडचे तेवढेच घ्या, ह्यांनी डावीकडचे घ्यायचे. मध्ये आलात की तोंडानं सांगायचं. घड मोजत गेलात तर चुकणार नाही.’ मी हातवारे करत होते. ओळीत पुढे जाऊन दाखवत होते. टोळी काम थांबवून ऐकत होती. आक्का शेवटी ‘बरं बाई’ म्हणाल्या. त्या ‘बरं बाई’चा अर्थ मला तेव्हा होकार वाटला. तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून उभे होतात, कुलूप लावून.

परतीच्या एसटीत मग तुमच्या मांडीवर होता.

‘लय बोललीस,’ तुम्ही म्हणालात.

‘न सांगता त्यांना कसं कळणार?’

‘न सांगता ती सांगत हुती की तुला. तू ऐकलं न्हाईस.’

‘प्रत्येक गोष्ट शिकावी लागते, मामा. लेथ तुम्ही मला वर्षभर शिकवलात.’

‘लेथ शिकाय तू आलीस. ती मग शिकाय आली न्हाई. तिला सांजच्याला मांडव उरकाय पायजे.’ मग म्हणालात, ‘रिपोर्टात लिव्ह. थेंब जातुया म्हनून चुकतंय, असं सरळ लिव्ह. आन् परत बसू.’

‘आता कुठे परत बसायचं? स्पर्धा सहा आठवड्यांवर आली.’

‘मग?’

‘परीक्षक काय पलूसला बघायला येणार आहेत का, मामा?’

हे वाक्य माझं. ओंकार खिडकीबाहेर बघायला लागला. सांगलीचा स्टँड येईपर्यंत तुम्ही मगाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला होतात. मला वाटलं, मी भांडण जिंकले.

स्पर्धा त्या वर्षी साताऱ्याला होती. भलामोठा हॉल, भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलं. कुणी उसाचे डोळे काढायचं यंत्र आणलं होतं, कुणी म्हाताऱ्यांसाठी दिव्याची काठी, आणि एकानं नारळ फोडायचं असं काही आणलं होतं की त्याच्यापेक्षा नारळ जमिनीवर आपटणं सोपं. आमच्या टेबलावर मी खऱ्या द्राक्षांचे घड टांगले होते. ओंकारनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. तुम्ही टेबलाच्या टोकाला पाण्याची बादली घेऊन उभे, कारण दर चाचणीनंतर मग भरून द्यायचं काम तुम्ही मागून घेतलं होतं.

घड बुडवला, काढला, कोरडा. बाही कोरडी. लोक वा म्हणत होते. परीक्षकांमध्ये एक बाई होत्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी मग हातात घेतला आणि विचारलं, ‘ज्या बायका हे काम करतात त्यांनी वापरून बघितलं का? काय म्हणाल्या?’

मामा, तिथे एक श्वास घेण्याएवढा वेळ होता. मला शालनआक्कांचं ‘कळंना झालंय’ स्पष्ट ऐकू आलं.

मी म्हटलं, ‘हो मॅडम. खूश आहेत. हात कोरडा राहतो म्हणाल्या.’

ओंकारनं माझ्याकडे बघितलं. तुम्ही बादलीत बघत होतात.

हीच ती कबुली. चार शब्द इकडचे तिकडे, कुणाला वाटेल एवढं काय त्यात. पण तुम्ही तिथे होतात आणि तुम्हाला माहीत होतं. आम्हाला पहिला नंबर मिळाला. फोटो काढायची वेळ आली तेव्हा तुम्ही सापडला नाहीत. नंतर म्हणालात, चहा प्यायला गेलो होतो. परत निघताना तुम्ही वर्कशॉपसाठी कंदी पेढे घेतलेत, पुडा सोडून पहिला पेढा मला दिलात आणि म्हणालात, ‘स्पंजाची खोबण चांगली काडली हुतीस.’

मी तो पेढा खाल्ला आणि अर्ध्यात माझ्या लक्षात आलं. तुम्ही फक्त खोबणीबद्दल बोलला होतात. खोबण खरंच चांगली होती. त्या सबंध दिवसात जेवढं खरं होतं, तेवढंच उचलून तुम्ही माझ्या हातावर ठेवलं होतं. तुम्ही रागावला असतात तर मी भांडले असते, तासभर भांडले असते आणि बहुतेक रडून कबूलही केलं असतं. तुम्ही रागावलाच नाहीत. ह्याचा राग मला अजून आहे.

पुढच्या हंगामात ओंकारच्या वडिलांनी हौसेनं असे वीस मग बनवून घेतले आणि टोळीला दिले. मला वाटत होतं ते वापरात आहेत. बऱ्याच दिवसांनी ओंकार हसत हसत म्हणाला, एक मोटारीच्या खोलीत दात घासायला लागतो, बाकीचे कुठे गेले देव जाणे. मी पण हसले. दुसरं काय करणार?

त्या आधीची खंडेनवमी मात्र मी विसरले नव्हते. वर्कशॉपमध्ये लेथला झेंडूची माळ, ऐरणीला हळदकुंकू आणि पाटावर पोरांनी केलेल्या वस्तू मांडायची तुमची पद्धत. पण सगळ्या वस्तू नाहीत. जी कुणाच्या तरी रोजच्या वापरात आहे तीच. खडूचा चुरा गोळा करणारी पट्टी होती, वॉचमनच्या खुर्चीला लावलेलं छत्रीचं नळकांडं होतं. विद्यापीठात पहिला आलेला मग नव्हता. मी पाटाकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मी प्रसाद घेऊन बाहेर आले. विचारलं नाही. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी मात्र तुम्हीच म्हणालात, ‘मगदूम, त्यो पैला मग मला दे.’ मला वाटलं, आठवण म्हणून मागताय. मी उदार मनानं दिला.

त्यानंतरची चार वर्षं आपण सगळ्यावर बोललो. मला कुपवाडला नोकरी लागली ती त्या बक्षिसाच्या जोरावर, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तरी तुम्ही पहिल्या दिवशी फोन करून ‘साच्यात बोट घालू नगंस’ म्हणालात. आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकचे क्रेट होतात, भाजीचे, फळांचे. नवीन कडीचं डिझाइन झालं की मी मशीनवरच्या माणसाला जाऊन समजावते. अजूनही समजावते, मामा, हे पण कबूल करून टाकते. आणि काही वेळा समजावावंच लागतं, ह्यावर मी अजून ठाम आहे. तुमचं सगळंच बरोबर होतं असं मी तुम्ही गेलात म्हणून म्हणणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं.

पण पलूसचं नाव आपण दोघांनीही काढलं नाही. दर वर्षी दसऱ्यानंतर मी यायची, मामी भाकरी वाढायच्या, तुम्ही विहिरीची मोटार, नातवाचं गणित, सरपंचाची नवी गाडी, सगळं काढायचात. दर वेळी निघताना मला वाटायचं, आज सांगून टाकावं. दर वेळी मी गाडीला किक मारायची.

या दिवाळीत तुमचा फोन आला. ‘मगदूम, पलूसला डिपिंग कवा चालू हुतंय?’

‘डिसेंबरात. का हो?’

‘काय न्हाई. जाऊन येऊ म्हनलं. तू, मी.’

मी म्हटलं, ‘बघते मामा, ऑर्डरी लय आहेत.’ तुम्ही ‘बरं बाई’ म्हणालात. तुम्ही मला कधी बाई म्हणत नव्हता. ते ‘बरं बाई’ कुठलं होतं, ते मला फोन ठेवल्यावर कळलं, आणि तरी मी परत फोन लावला नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी ओंकारचा आला. ‘निकममामा गेले’ म्हणाला.

गाठोडं मी दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात उघडलं. निळा रंग विटला होता. स्पंज नवा होता. माझ्या खोबणीत नीट बसवलेला, फुलीची चीर तशीच. फक्त चिरेच्या मध्यावर रुपयाएवढं गोल भोक कापलेलं होतं. एवढंच. मी भोकातून बोट घातलं, काढलं, परत घातलं, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घड वर रुंद असतो, खाली निमुळता. बाहेर येताना रुंद भागाचं सगळं पाणी स्पंज टिपून घेणार, पण टोक भोकातून अंग न लागता निघणार. टोकाला एक थेंब राहणार. हात कोरडा, आणि तरी बाईला कळणार, हा झाला.

मी तिथूनच मामींना फोन लावला. मामी म्हणाल्या, ‘आगं, दोन वरसं त्येच चाललं हुतं. अंगणात दोरीला माजी बियान्याची कनसं टांगायची आन् बुडवत बसायचं. येनारं जानारं हसायचं. मी म्हनायची, आवं, कनसं कुजत्याली. तर म्हनायचं, एक थेंब ऱ्हाऊ दे, मग थांबतो. मोटं भोक केलं की धार लागायची, बारीक केलं की कायच ऱ्हात न्हवतं. किती स्पंज फाडलं त्याला गणतीच न्हाई.’

मग म्हणाल्या, ‘औंदा खंडेनवमीला कोयत्याशेजारी पाटावर ठिवला हुता. हळदकुक्कू लावून. बगितलंस न्हाईस व्हय?’

मी मग फिरवला. कानाच्या आतल्या बाजूला, जिथे बोटं जातात तिथे, हळदीचा वाळलेला ठिपका होता आणि त्यावर कुंकू. वापरात असलेल्याच वस्तूला लावायचं ते. चार वर्षं तुम्ही ते राखून ठेवलं होतं आणि या वर्षी लावून टाकलंत, कारण डिसेंबरात तुम्ही मला घेऊन पलूसला जाणार होतात. तुमच्या हिशेबानं मग वापरात आलाच होता. मी तेवढी ‘बघते’ म्हणाले. मशीनच्या आवाजात बरं असतं, कुणाला काही ऐकू जात नाही.

गुरुवारी रजा टाकून पलूसला गेले. बाग आता ओंकारच बघतो. टोळी तीच, शालनआक्का तीच, केस तेवढे पांढरे झालेत. ओंकारला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘आधी आक्कांना समजावून सांग, भोक कशासाठी हाय ते.’ मी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

मी मग आक्कांच्या हातात दिला.

त्यांनी उलटा केला, आत बघितलं. ‘ह्यो त्यो मागचाच न्हवं?’ मी मान हलवली. त्यांनी औषध भरून घेतलं आणि मांडवाखाली शिरल्या. पहिला घड बुडवला, काढला. टोकाला थेंब आला आणि राहिला. आक्कांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुढच्या घडाला गेल्या. पलीकडची बाई आली, थेंब बघून तो घड सोडून पुढे झाली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. मामा, माझ्या तोंडात शब्द नुसते उकळत होते. बघा, थेंब बघा, आमच्या मामांनी केलाय, दोन वर्षं कणसं बुडवून केलाय. मी ओठ दाताखाली धरले. एक ओळ झाली. दुसरी ओळ मध्यावर आली, जिथे मागच्या खेपेला त्या थांबल्या होत्या. आक्का थांबल्या नाहीत.

ओळ संपवून त्या बाहेर आल्या, पदरानं हात पुसायला गेल्या आणि हात कोरडा बघून पदर सोडून दिला. ‘ह्यो बरा हाय,’ म्हणाल्या. ‘पर कान रुतालाय. भरल्यावर बोटास्नी लागतुया.’

मी वहीत लिहून घेतलं, कान रुततो. मग वही मिटली आणि म्हटलं, ‘आक्का, त्या वर्षी साताऱ्याला मोठ्या लोकांनी विचारलं होतं, बायका काय म्हणाल्या. मी सांगितलं, खूश आहेत.’

आक्कांनी मग खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. ‘आमास्नी कवा इचारलंवतं तुमी?’ म्हणाल्या.

कारणं माझ्याकडे होती. स्पर्धा सहा आठवड्यांवर होती, मी वीस वर्षांची होते, नंबर आला नसता तर नोकरी लागली नसती. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि मला तुमची पाठ दिसली, खाकी शर्टाची, मी कारण सांगायच्या आत फिरवलेली.

मी तोंड मिटलं. आक्का वाट बघत होत्या. मग त्यांनी मग उचलला, परत भरून घेतला आणि तिसऱ्या ओळीत शिरल्या. मी खांबाला टेकून उभी राहिले, तुम्ही त्या दिवशी टेकला होतात त्याच. दुपारपर्यंत तिथे होते. काही बोलले नाही, मामा.